हेडलाइट कोणी सैल केला

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. मोटरसायकलचा सैल हेडलाइट घट्ट करून घेण्यावर तोवर झालेला खर्च चारशे पन्नास रुपये: पहिल्या वेळी शंभर, दुसऱ्या वेळी दीडशे, तिसऱ्या वेळी दोनशे. हेडलाइट तरीही सैलच. जागा, भुईगावातल्या आमच्या घराची पडवी. हजर मी, माझी मुलगी आणि शेजारचे अंकल. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. ती हजर नव्हती असं लिहिलेलं तिला चालणार नाही, म्हणून तिलाही धरतो.

मी एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब आणि पगारपत्रक बघतो. माणसांबद्दल मोठे शब्द वापरायची मला सवय नाही. पण आयुष्यात ज्यांच्यासमोर आपण हात मागे बांधून उभं राहावं असं मला वाटलं, अशी माणसं दोन. त्यातले एक हे अंकल. आता ते राहिले नाहीत. म्हणून जे पाहिलं ते, जेवढं पाहिलं तेवढंच, लिहून ठेवतो.

अंकल पंचाहत्तरीच्या पुढचे. सातिवलीला एका वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या वाडीत केळी आणि भाजी करायचे. अंगात बाह्यांची बनियन, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी. रविवारी चर्चला मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट. गावातलं काहीही बिघडलं की लोक त्यांच्याकडे यायचे, पण त्यांच्या अटी इतक्या होत्या की निम्मे लोक अटी ऐकूनच गॅरेजला जायचे.

पहिली अट, वस्तू त्यांच्याकडे आणायची नाही. "ती जिथं राहते तिथं मी येनार. हॉस्पिटलात नेल्यावर सगळ्यांचाच बीपी वाढतो." दुसरी अट, काम रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, संपल्यापासून जेवणापर्यंत, उन्हाच्या उजेडात. बल्बखाली ते स्क्रूसुद्धा फिरवत नसत. तिसरी अट, सुटा झालेला प्रत्येक भाग स्टीलच्या मोठ्या ताटात ठेवायचा, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. पहिला निघालेला भाग बाराच्या जागी, दुसरा एकच्या जागी. बसवताना उलटं यायचं. शेवटी ताट रिकामं झालं की काम झालं. ताटात काही उरलं तर सगळं परत खोलायचं. त्यांच्या घरी हे ताट वेगळं होतं. त्यात कोणी जेवायचं नाही.

आणि त्यांचे पाने. एकाही पान्याची दांडी पूर्ण नव्हती. हॅक्सॉने कापून सगळ्या आखूड केलेल्या. मी एकदा मोजले, सगळ्यात लांब पाना साडेतीन इंच भरला.

"अंकल, हे असं कशाला?"

"लांब दांडी असली का हात जोर लावतो. डोकं थांब म्हनेपर्यंत बोल्ट तुटतो. हे पाने डोक्याएवढेच लांब ठेवलेत."

"मग घट्ट कसं होणार?"

"लागेल तेवढंच होतं. हिशेबनीस, तू पगार देतोस तेव्हा उगाच शंभर जास्त देतोस काय?"

मला ते हिशेबनीसच म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण या सगळ्या अटींपेक्षा विचित्र होती ती त्यांची फी. ते स्वतः पैसे घेत नसत. काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचे: "हे कोनामुळं झालं?" माणूस काहीतरी उत्तर द्यायचाच. बिघाड झाला आणि कोणाचं नाव मनात आलं नाही, असं होत नाही. अंकल ते नाव ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि कामाला लागायचे. शेवटी ते नाव खरं ठरलं तर फी माफ. खोटं ठरलं तर ज्याचं नाव घेतलं त्या माणसाला फी द्यायची. किती आणि कशी, ते अंकल ठरवणार.

हे मी आधी ऐकलं होतं, मग एकदा डोळ्यांनी पाहिलं. वटारच्या एका वाडीवाल्याचा विहिरीवरचा पंप पाणी ओढेना. अंकलना माझ्या गाडीवर बसवून मी तिथे घेऊन गेलो होतो. वाडीवाला तावात होता. "कोनामुळं म्हंजे? हा पलीकडचा! माझ्या झऱ्याचं पानी हा खेचतो. मोठा पंप बसवलाय त्यानं."

अंकलनी पंप चालू करायला सांगितला. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर पाइपाला टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटून उभे राहिले. मी घड्याळ पाहत होतो, चार मिनिटं. मग म्हणाले, "पानी आहे. वर येतं नि परत खाली जातं. खालचं दार लागत नाय."

पाइप वर काढला. खालच्या टोकाला फुटवॉल असतो, पाणी वर जाऊ देणारा आणि परत न सोडणारा. त्याची जाळी गंजून फाटली होती आणि आत नारळाचं एक गळलेलं बोंड अडकलं होतं, सुपारीएवढं. नारळाचं झाड वाडीवाल्याचंच, विहिरीवर वाकलेलं.

"एक घड केळी," अंकल म्हणाले. "पलीकडच्याकडं. टेंपोत नाय, खांद्यावर. दिवसाउजेडी. नि कशाबद्दल ते सांगायचं."

वाडीवाला अर्धा तास चिडला. मग त्याने घड कापला आणि खांद्यावर घेतला. आम्ही निघालो तेव्हा तो बांध ओलांडत होता. अंकल माझ्या मागे बसून म्हणाले, "बोंडाला काय, काढलं का निघालं. हा पलीकडं जाईल, ते काम मोठं." मी गाडी चालवत होतो म्हणून नुसतं हूं म्हटलं. दोन वाड्यांमधलं सहा वर्षांचं भांडण त्या माणसाने स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं होतं.

तर आता हेडलाइट.

मुलगी सातिवलीला एका रंगाच्या कारखान्यात टेस्टिंगला लागली त्याला सहा महिने झाले होते. दुपारी बारा ते रात्री आठ. माझी जुनी मोटरसायकल ती चालवायची. बस आणि रिक्षा जोडत गेलं तर एका बाजूला दीड तास, आणि आठनंतर भुईगावच्या आत यायला रिक्षावाले नाही म्हणतात. म्हणजे गाडी असेल तर नोकरी, नाही तर नाही. हेडलाइट सैल झाल्यापासून खड्ड्यात गाडी आपटली की दिव्याचा उजेड वर झाडांत जायचा, नाही तर चाकापुढे पडायचा. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाड्यांचं कुंपण, मधे जेमतेम एक टेंपो जाईल एवढी जागा. त्या गुरुवारी समोरून सायकलवाला आला. तो तिला शेवटच्या क्षणी दिसला. कोणाला लागलं नाही. घरी येऊन तिने ते सांगितलं, ही तिची चूक झाली.

बायको म्हणाली, "सोमवारपर्यंत दिवा सरळ झाला तर ठीक. नाही तर नोकरी सोड. मी रोज आठ ते नऊ देवासमोर बसू शकत नाही." शनिवारी तिला जाऊच दिलं नाही.

त्या दिवशी मी काय म्हणालो तेही लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "गाडी माझ्याकडे अकरा वर्षं होती. एक बोल्ट सैल झाला नाही. तुझ्याकडे आली आणि सहा महिन्यांत तीन वेळा गॅरेज. खड्डे बघून चालवायचं असतं." ती ताट उचलून आत गेली.

रविवारी अंकल चर्चमधून परस्पर आले, पांढऱ्या शर्टातच. मोटरसायकलसमोर स्टूल टाकून बसले आणि नुसते बघत राहिले. हेडलाइटला एकदा बोटाने वर ढकललं, एकदा खाली. मग मला विचारलं, "हे कोनामुळं झालं?"

मुलगी ताट घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. मला तिथे खोटं बोलता आलं असतं. गॅरेजवाल्याचं नाव घेता आलं असतं. पण आदल्या दिवशीच मी जे बोललो होतो ते बदलायचं म्हणजे माघार. मी म्हणालो, "चालवणाऱ्यामुळे. रफ चालवते."

"बाय, तू काय म्हनतेस?"

"मी काय म्हणणार अंकल," मुलगी म्हणाली. "पप्पांच्या काळी रस्ते गुळगुळीत होते ना. मखमली."

खिडकीतून बायको हसली. अंकल हसले नाहीत. त्यांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि आखूड पाना उचलला.

डाव्या बाजूचा बोल्ट निघाला: बारा. वॉशर: एक. मग हेडलाइट धरणाऱ्या पट्टीच्या डाव्या भोकातल्या रबरातून पेन्सिलीच्या टोपणाएवढी लोखंडी नळी निघाली. "हा बुश," ते मुलीला म्हणाले. "बोल्ट यालाच दाबतो, रबराला नाय. रबरानं फक्त धक्का खायचा." बुश दोनच्या जागी. मग उजवी बाजू. बोल्ट, वॉशर. त्यांनी रबरात करंगळी घातली आणि थांबले. परत घातली.

"इथं नाय."

"काय नाही?"

"बुश नाय. बोल्ट नुसत्या रबराला दाबतोय. तीनदा आवळला, तीनदा रबर चेपलं. चौथ्यांदा आवळलास तरी तेच."

मला, खरं सांगतो, बरं वाटलं. "गॅरेजवाल्याने हरवला," मी म्हणालो. "तीन वेळा खोललं त्याने. साडेचारशे रुपये घेतले आणि वर बुश हरवला."

अंकलनी रबर सोलून काढलं, उन्हात धरलं, आणि मुलीकडे दिलं. "बाय, तुझे डोळे चांगले. आत काय दिसतं?"

"काळं काहीतरी. पोपडे आहेत. पेंट आहे?"

"पेंट आहे. बुश जागेवर असता तर पेंट बुशाला लागला असता. रबराच्या आत कसा गेला असता?" मग ते माझ्याकडे वळले. "म्हंजे ज्यानं पट्टी रंगवली, त्यानं रंगवली तेव्हाच बुश नव्हता. गॅरेजवाला ब्रशनं रंगवतो काय? हे ब्रशचं काम आहे. दोन हात दिलेत. सावकाश, घरी बसून."

मी तिथे उभा होतो, हातात त्यांचा इस्त्रीचा शर्ट. पट्टी मी रंगवली होती. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं त्या वर्षी, याच पडवीत. खाऱ्या वाऱ्याने पट्टीला गंज चढला होता म्हणून हेडलाइट उतरवून, घासून, दोन हात काळा रंग दिला होता. आणि सगळं परत बसवल्यावर एक छोटी लोखंडी नळी उरली होती. गाडी चालू झाली, दिवा लागला, म्हणून मी ती जपून ठेवली होती. पुढे चार वर्षं गाडी फक्त बाजारापर्यंत जायची, त्यामुळे रबर टिकलं.

मला ती नळी कुठे आहे हेही माहीत होतं. कपाटात खालच्या कप्प्यात, बामच्या रिकाम्या डबीत. मी गप्प राहिलो असतो तर नवा बुश दहा रुपयांना मिळाला असता आणि विषय संपला असता.

अंकल माझ्याकडे बघत नव्हते. रबर चोळत होते. "असेल तुझ्याकडं," ते म्हणाले. "तू टाकनारा मानूस नाय. जा, आन."

मी गेलो आणि आणली. डबीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'उरलेले. नग एक.' खाली तारीख. मुलीने ती मोठ्याने वाचली. मग बायकोला दाखवायला खिडकीशी नेली. मग परत आणून अंकलना वाचून दाखवली.

"तारीख लिवली," अंकल म्हणाले. "नग लिवले. कुठला ते तेवढं राहिलं."

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. तेव्हा मी फक्त त्या माणसाकडे बघत होतो. चार वर्षांपूर्वीची एक दुपार, जिच्याबद्दल मी कोणाला बोललो नव्हतो, ती त्याने एका रबराच्या भोकातून वाचून काढली होती. ब्रश, घाई नसलेला माणूस, दोन हात रंग. आणि वर हेही, की हा माणूस उरलेली वस्तू फेकत नाही. माझी बायको मला सव्वीस वर्षं ओळखते. ती यापेक्षा जास्त सांगू शकेल असं मला वाटत नाही.

चेपलेल्या रबराऐवजी त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर दोन पदरी कापून बसवलं. बुश रॉकेलने पुसून आत सारला. उजवी बाजू, मग डावी, उलट क्रमाने. पाना मुलीच्या हातात दिला. "तू आवळ. अडलं का थांब. अडल्यावर फिरवायचं नाय." ती अडल्यावर थांबली. ताट रिकामं झालं. त्यांनी हेडलाइटवर टिचकी मारली. आवाज आला तो भरलेल्या मडक्यासारखा, बद्द. आधी तो पत्र्यासारखा वाजायचा. मला तोवर दोन्हींत फरक असतो हेच माहीत नव्हतं.

दिवेलागणीला ते परत आले, दिव्याची दिशा बसवायला. मला वाटलं मी गाडीवर बसायचं. "तू नको. चालवनार ती, वजन तिचं." मुलगी बसली. समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर उजेड पडला. अंकल भिंतीपासून गाडीपर्यंत चालत आले, वाकून दिव्याची उंची पाहिली, परत भिंतीशी गेले आणि खडूने एक रेघ मारली. "याच्या वर जायला नको. समोरच्याच्या डोळ्यात जाईल." मग खालचा स्क्रू थोडा फिरवला. मी टेप आणली होती. माझ्याकडे गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक होतं, त्यात अंतर आणि उंची दिलेली आहे. अंकल बाजूला झाल्यावर मी मोजलं. त्यांच्या रेघेत आणि पुस्तकात फरक अर्ध्या इंचाचा निघाला. मी परत मोजलं. जमीन त्या बाजूला उतरती आहे. उतार धरला तर पुस्तक चुकत होतं, अंकल नाही.

मुलगी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, तिथले सगळे खड्डे मुद्दाम घेत. उजेड जिथे होता तिथेच राहिला. बायको फाटकात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन तिने मुलीचा सोमवारचा डबा धुवायला काढला. मला तेवढं पुरेसं होतं.

मी खिशात आधीच पाकीट तयार ठेवलं होतं. शंभराची नोट आणि पन्नासची. "अंकल, गॅरेजवाल्याला उद्या देतो. मी त्याच्याबद्दल बोललो ते चुकलं."

"त्याला कशाला? त्याला तू दुपारी दोष दिलास, तोही मी विचारल्यावर नाय. त्याला तू आवळ म्हनालास, त्यानं आवळलं. त्याचे पैसे त्याला मिळाले." ते स्टुलावर बसले. "मी विचारलं तेव्हा तू काय बोललास?"

मला आठवत होतं. मुलीलाही आठवत होतं. ती गाडी पुसत होती, ती पुसायची थांबली.

"बाय, तुझा काल शनिवार बुडाला ना?"

"हो."

"पगार कापनार?"

"कापणारच. आजारी नव्हते ना मी."

"मग तो दिवस हिशेबनीस देनार. फोनवर नाय. हातात. नि कशाबद्दल ते सांगून."

मी पगार विचारला. खरं म्हणजे मला तिचा पगार ठाऊक असायला हवा होता. ती म्हणाली, सोळा हजार सहाशे चाळीस. मी तोंडी भागाकार केला. "पाचशे चोपन्न रुपये सदुसष्ट पैसे. पाचशे पंचावन्न धर."

"पप्पा, कितीने भागलंत?"

"तीसने."

"तुमच्या कारखान्यात तुम्ही एका दिवसाचा पगार कापता तेव्हा कितीने भागता?"

उत्तर खिडकीतून आलं, "सव्वीसने भागतात, रविवार सोडून. मला माहीत आहे."

अंकल तेव्हा पहिल्यांदा हसले. पोट धरून, खाकी चड्डीवर हात मारत, खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पाना आखूड करायला पायजे तुझा."

मी आत गेलो, पैसे आणले. मुलीसमोर उभा राहिलो. पगारपत्रकात शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो, तो मी रोज लिहितो, पण तोंडाने कधी बोललो नव्हतो. अंकल वाट बघत होते. बायको पदराला हात पुसत पडवीत आली होती. शेवटी मी म्हणालो, "हेडलाइट तू सैल केला नव्हतास. मी केला होता, चार वर्षांपूर्वी. आणि तुझं चालवणं मी कधी मागे बसून पाहिलंसुद्धा नाही."

दिले: सहाशे चाळीस रुपये, रोख. कोणाला: माझ्या मुलीला. तिने ते दोनदा मोजून घेतले.